सतरा नंबर

"आलेत बघ," असं म्हणून मावशीने स्कूटर थांबायच्या आतच पाय खाली टेकवला. मी कसाबसा ब्रेक लावला.

बार्शीहून सोलापूरकडे जाणारा रस्ता, दसऱ्याची सकाळ. दोन्ही बाजूंना नुकतीच उगवलेली ज्वारी आणि तिच्यावर रेंगाळणारं विरळ धुकं. रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर एक पक्षी मान आखडून बसला होता. बसलेला असला की तो अगदीच मातकट दिसतो, कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असा. मग खाली कुठेतरी किडा हलला असावा. त्याने झेप घेतली, पंख उघडले आणि त्या फिकट सकाळी एकदम निळाई पसरली. मावशीचा चेहरा उजळला. दरवर्षी तो असाच उजळायचा आणि दरवर्षी मी पक्ष्याऐवजी तिच्याकडेच बघत राहायची.

"कोण आलेत गं?" मी मुद्दाम विचारलं.

"सतरा नंबर," ती म्हणाली आणि मला हसू दिसू नये म्हणून दुर्बीण डोळ्यांना लावली.

तो पक्षी नीळकंठ. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. पण महानंदामावशीच्या तोंडून त्याचं नाव कधी कुणी ऐकलं नव्हतं, कारण तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या काकांचं, नावही नीळकंठच होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईने लग्नाआधी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मावशी शाळेत भूगोल शिकवायची. मोसंबं आणि मेणबत्ती घेऊन ग्रहण कसं लागतं ते आठवीच्या पोरांना दाखवायची, पत्रिका बघणाऱ्यांची टर उडवायची. पण या एका बाबतीत तिने स्वतःशी कधी वाद घातला नाही.

आता नियती म्हणा की शाळेचा कारभार, तिच्याच वर्गात एकदा नीळकंठ माळी नावाचा पोरगा आला. हजेरीपटावर त्याचा क्रमांक सतरा. मावशी रोज सकाळी सोळा नावं मोठ्याने पुकारायची, मग "सतरा नंबर" म्हणायची आणि अठरापासून पुन्हा नावं घ्यायची. पोरं बिलंदर. "बाई, सतरा नंबरचं नाव काय हो?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, आणि अख्ख्या वर्गाबरोबर बाईही हसायच्या. तो पोरगा शिकून निघून गेला, पण ते नाव मावशीच्या जिभेवर राहिलं आणि पुढे पक्ष्याला चिकटलं. तेही साधं नाही. बाकीचे सगळे पक्षी 'आला', 'बसला', 'उडाला'. हा मात्र 'आलेत', 'बसलेत', 'उडाले'.

मी चौथीत असताना चित्राखाली पक्ष्याचं नाव लिहा, असा प्रश्न आला होता. मी ठळक अक्षरात 'सतरा नंबर' लिहिलं आणि गुरुजींशी भांडले, की माझी मावशी शिक्षिका आहे, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आईला शाळेत बोलावून घेतलं. घरी येताना आईने मला खरं काय ते सांगितलं आणि वर बजावलं, की मावशीला यातलं काही विचारायचं नाही.

खरं असं होतं. काका बार्शीच्या एका कापडगिरणीत फिटर होते. १९७४ साली ते आफ्रिकेत, केनियातल्या एका घायपाताच्या मळ्यावर कामाला गेले. तिथं घायपाताचा दोर काढायची गिरणी होती. आठ दिवस मामाकडे जाऊन येतो, असं सांगून ते मुंबईच्या गाडीत बसले. आफ्रिकेला चाललेत हे मावशीला मोंबासाहून आलेल्या पहिल्या पत्रात कळलं. आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस, असं त्यात लिहिलं होतं. पत्रं महिन्याला येत होती, मग दिवाळीला, मग थांबली. तिकडे त्यांनी दुसरं घर केल्याचं काही वर्षांनी कुणीतरी येऊन सांगितलं. मावशी ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि त्या पाहुण्याला चहा करून दिला. तिने कुंकू लावणं सोडलं नाही, मंगळसूत्र काढलं नाही आणि नाव घेतलं नाही.

तर त्या दसऱ्यानंतर आठव्या दिवशी पत्र आलं. पाकिटावर जिराफाचं तिकीट होतं.

काकांनी लिहिलं होतं, की इथली बाई वारली. गुडघे गेले. शेवटचे दिवस आपल्या गावात, आपल्या माणसांत काढावेसे वाटतात. 'नंदा, तू ये म्हणालीस तर येतो.'

दुसऱ्या दिवशी मावशीच्या सोप्यात सगळे जमले. राजशेखरमामा, म्हणजे मावशीचा थोरला भाऊ, खुर्चीत बसला. आई भिंतीला टेकून बसली. मी चोवीस वर्षांची होते, कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच लागले होते आणि सगळ्या जगाचा न्याय करायची मला घाई होती.

"येऊ दे की," मामा म्हणाला. "म्हातारपणी माणूस दारात येतोय, तर आपण दार लावायचं का? कुंकू आहे तुझं."

"कुंकू माझं आहे दादा. ते मीच लावते," मावशी म्हणाली.

"अठ्ठावीस वर्षं कुठं होते ते?" मी मध्येच तोंड घातलं. "आता गुडघे गेल्यावर बायको आठवली होय?"

"कावेरी, तू गप," आई म्हणाली.

मावशी पत्राची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. मग म्हणाली, "एक वर्ष द्या मला. पुढच्या दसऱ्याला सांगते."

"वर्ष कशाला लागतंय त्याला?"

"त्यांनी अठ्ठावीस घेतली. मला एक घेऊ दे की."

 मामाने चहा मागवला.

मावशी निवृत्त होताना शाळेतून एक कोरा हजेरीपट घेऊन आली होती. त्याच रात्री तिने तो काढला आणि नावांच्या रकान्यात पक्षी लिहिले. चिमणी, साळुंकी, होला, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, टिटवी. पुढे महिन्यांचे खाने. हजर तर 'ह', गैरहजर तर 'गै'. सतराव्या ओळीतली नावाची जागा तिने कोरी सोडली आणि पुढच्या खान्यात 'ह' लिहिला.

"वर्षभर आपण फिरायचं," ती मला म्हणाली. "स्कूटर तुझी, पेट्रोल माझं."

"आणि काकांचं?"

"ते होईल आपोआप. आधी बघू, कोणकोण येतंय ते."

अशी त्या वर्षाची सुरुवात झाली. आज आठवलं की मला ते वर्ष सलग आठवत नाही. एखाद्या लांब झोपेत मधूनमधून जाग यावी तसे त्यातले तुकडे दिसतात. स्कूटरच्या मागे मावशी, तिच्या खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत हजेरीपट, दुर्बीण आणि शेंगाचटणी-भाकरी. पुढे रस्ता, रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या तारा, आणि तारांवर कुणी ना कुणी बसलेलं.

हजेरीच्या बाबतीत ती फार कडक होती. एकदा तलावाच्या काठी बाभळीतून तांबटाचा टुकटुक आवाज आला. मी म्हटलं, लिहून टाक.

"दिसला का?"

"आवाज येतोय की एवढा."

"आवाजावर हजेरी लागत नाही. तोंड दाखवायला पाहिजे." ती अर्धा तास त्या झाडाखाली मान वर करून उभी राहिली. तांबट काही दिसला नाही. तिने शांतपणे 'गै' लिहिलं.

संक्रांतीच्या सुमाराला ज्वारी हुरड्याला आली आणि भोरड्या उतरल्या. हजारोंनी. त्यांचा थवा उठला की वावरावरून सावली सरकायची, वळली की सावलीही वळायची. माळ्यावर उभा असलेला गडी गोफण फिरवत ओरडत होता आणि मावशी बांधावर बसून बघत होती.

"कुठनं येतात गं या?" मी विचारलं.

"कझाकस्तानातनं. तिकडं बर्फ पडलं की इकडं ज्वारी खायला."

"आणि परत जातात?"

"जातात की. घरटं तिकडं असतंय." मग ती म्हणाली, "कावेरे, तुला वाटतंय मी रागावलेली आहे. तसं नाही गं. राग कधीच संपला. पण वाट बघायची सवय लागली ना. सकाळी उठायचं, दार उघडायचं, रस्त्याकडं एकदा बघायचं. ते आले तर मग मी सकाळी उठून काय करायचं, हेच कळेना झालंय."

"मग येऊ नका म्हणून कळव."

"आणि नाही आले, तर म्हातारपणी ते कुठंतरी एकटे पडलेत, हे डोळ्यापुढं येतंय. माणूस वाईट नव्हता. सांगायचं धैर्य नव्हतं त्यांच्यात, एवढंच." गोफणीचा फटाका वाजला आणि भोरड्यांचा थवा आमच्या डोक्यावरून गेला. "कुणी करायला नसेल तर मी करीन त्यांचं. तेवढं मला जमेल."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.  मी हुरड्याचं नवं कणीस तळहातावर चोळायला घेतलं.

मार्चमध्ये शेपटी हलवणारे परीट पक्षी गेले, सतरा नंबरही दिसेनासे झाले. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्या कोऱ्या नावापुढे 'गै' लागत गेलं. श्रावणात मावशीने मागच्या खोलीला चुना मारून घेतला. सुताराकडून उंच पायांची बाज करून घेतली, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला सोपी पडावी म्हणून.  तिचं उत्तर काय असणार ते मला त्या बाजेच्या पायांवरून कळलं होतं.

पण तेवढ्यात एक गोष्ट घडली. आमच्या ग्रंथालयात पक्ष्यांचं एक जाडजूड पुस्तक आलं, ते मी तिच्यासाठी घरी नेलं. तिने सतरा नंबरचं पान काढलं आणि भिंग घेऊन बसली.

"हे बघ. यांच्यात दोन जाती आहेत. आपल्याकडचे गळ्याशी तांबूस. दुसरे युरोपातले, ते डोक्यापासून पोटापर्यंत निळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या डोक्यावरनं जातात, पण राहत नाहीत. हिवाळा कुठं काढतात वाच."

मी वाचलं. पूर्व आफ्रिका. नकाशात तो भाग रेघांनी भरला होता. मावशीने त्यावर बोट ठेवलं आणि किंचित डावीकडे सरकवलं. भूगोलाच्या बाईंना ते ठिकाण नकाशात शोधावं लागत नव्हतं.

"वोई. काकांचं गाव हेच," ती म्हणाली. "अगदी मधोमध."

दसऱ्याला मामा उत्तर ऐकायला सकाळीच येऊन बसला. मावशी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून बाहेर आली आणि म्हणाली, "मी जाऊन येते."

"कुठं?"

"केनियाला. कावेरी येतेय सोबत."

मामाने आधी माझ्याकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे. "अगं, त्यांना यायचंय ना? तू कशाला जातेस?"

"हजेरी घरी बसून लागत नाही दादा. तोंड बघायला पाहिजे," मावशी म्हणाली.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. मुंबईहून नैरोबी, तिथून बसने वोई. त्या प्रवासाचंही मला स्वप्नासारखंच काहीतरी आठवतं. गेरूसारखी लाल माती, त्या मातीने लाल झालेले हत्ती, आणि मधूनच एखादं फुगल्या बुंध्याचं, अजस्र गोरखचिंचेचं झाड. मावशी खिडकीशी बसून हजेरीपटाला नवी पानं जोडत होती. एका ठिकाणी बस थांबली, तेव्हा ती पुटपुटली, "तारा बघ गं. बार्शीपासून इथपर्यंत एकच तार ओढल्यासारखी वाटतेय." 

काकांचं घर मळ्याच्या कडेला, टेकडीच्या उतारावर होतं. दहा-बारा दगडी पायऱ्या चढून वर जायचं. दारात एक उंच, सावळी मुलगी उभी होती. वय माझ्याएवढंच. तिने दोन्ही हातांनी मावशीचा हात धरला.

"मी ग्रेस. बाबांची मुलगी," ती इंग्रजीत म्हणाली. 'बाबा' मात्र अगदी आपल्यासारखं म्हणाली. "त्यांनी सांगितलं, गावाकडच्या कुणी नातेवाईक येणार आहेत. मला फार आनंद झाला. त्यांच्या गावाकडून आजपर्यंत कुणीच आलं नव्हतं."

नातेवाईक. मी मावशीकडे पाहिलं. ती हसून मान डोलावत होती. एक मुलगी आहे हे पत्रात नव्हतं.

आत काका बसले होते. मी त्यांना लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं, त्यातला कोट घातलेला काळाभोर केसांचा माणूस आता पार वाळून गेला होता. ते काठी टेकून उठायला लागले.

"बसा, बसा," मावशी म्हणाली. "गुडघे दुखतात ना?"

"नंदा," ते म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून पुन्हा बसले. मग म्हणाले, "गिरणीचा भोंगा होतो का अजून?"

"गिरणी बंद पडली. बरीच वर्षं झाली."

"आणि भगवंताच्या देवळासमोर तो भेळवाला?"

"त्याचा नातू बसतो आता."

त्यांची मराठी चौऱ्याहत्तर सालात थांबलेली होती. त्या मराठीत ते बार्शीतल्या गल्ल्या आठवत राहिले आणि मावशी एकेक करून सांगत राहिली, हे आहे, ते गेलं, हा वारला. हे सगळं इतक्या सहज चाललं होतं, की कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गृहस्थ आठ दिवस मामाकडे जाऊन आलेत. मला वाटलं, झालं, आता बाजेवर गादी टाकायचीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेसने आम्हाला जेवायला वाढलं. भात, पालेभाजी, आणि माझ्या आश्चर्याला पार राहिला नाही, शेंगांची चटणी. काकांनी शिकवली होती. जेवण झाल्यावर ती मावशीला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेली. पायऱ्यांच्या खाली सपाट जागेवर विटा रचलेल्या होत्या, दोन भिंती कमरेइतक्या वर आल्या होत्या.

"ही खोली बाबांसाठी," ग्रेस म्हणाली. "त्यांना पायऱ्या चढवत नाहीत आता. पुढच्या पावसाच्या आत छत घालीन. मोंबासाला मला चांगली नोकरी मिळत होती, पण त्यांना एकटं कसं ठेवणार? आई जाताना मला सांगून गेली, बाबांना सोडू नकोस."

मावशीला इंग्रजी चांगलं समजायचं. तिने त्या अर्धवट भिंतीवरून हात फिरवला. विटा अजून ओल्या होत्या.

"पलंग उंच करून घे," ती हळूच म्हणाली. "उठायला सोपा पडतो."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर काका म्हणाले, रस्त्यापर्यंत जाऊन येऊ. ते मधे, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मी. घायपाताच्या रांगा सरळ क्षितिजापर्यंत गेल्या होत्या आणि त्यांच्या मागे निळसर डोंगर होते. रस्त्याशी एका दगडी कट्ट्यावर ते बसले. मावशी त्यांच्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर. कडेने तारा गेल्या होत्या.

"काय ठरवलंस नंदा?" त्यांनी विचारलं.

"ग्रेसला सांगितलंत का?"

"काय?"

"तुम्ही बार्शीला यायचं म्हणताय ते."

काकांनी काठीचं टोक मातीत फिरवलं. "सांगू की. निघायच्या आधी सांगू."

"किती आधी?"

त्यांनी डोंगरांकडे बघितलं. मग म्हणाले, "आत्ता सांगितलं तर रडेल गं ती. तिथं पोचलो की पत्र घालीन. समजून घेईल."

 मावशीच्या चेहऱ्यावर राग आला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. ती त्यांच्याकडे खूप वेळ बघत राहिली, जणू पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी एकच आहे का हे ताडून बघत होती.

"चुना मारून घेतला होता मी खोलीला," ती म्हणाली. "तीही भिंती बांधतेय. दोघींपैकी कुणाची तरी खोली रिकामी राहणार बघा. माझी राहिली तर मला चालेल. मला सवय आहे, तिला लावू नका."

"नंदा—"

तेवढ्यात समोरच्या तारेवर तो येऊन बसला. संध्याकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. डोक्यापासून पोटापर्यंत निळा, गळ्याशी तांबडं कुठेच नाही. बार्शीच्या डोक्यावरून न थांबता जाणारा. मावशीने सावकाश पिशवी उघडली, हजेरीपट काढला, मांडीवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. मग मान वर करून, आठवी ब च्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात तिने पुकारलं,

"नीळकंठ."

"ओ," काका म्हणाले.

अगदी आतून आली ती ओ. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण त्यांनी तिच्या तोंडून आपलं नाव लग्नात घास भरवताना तेवढं एकदा ऐकलं असेल. त्यांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला होता. ते तिच्याकडे वळून बसले, पुढचं ऐकायला.

"तुम्हाला नाही," मावशी मऊ आवाजात म्हणाली. "तो तारेवर बसलाय ना, त्याला."

तिने शेवटच्या पानावर नवा क्रमांक घातला, नाव पूर्ण लिहिलं आणि पुढे 'ह' काढला. मग पानं मागे उलटली. सतराव्या ओळीतल्या कोऱ्या जागेतही तेच नाव लिहिलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल, मात्रा-वेलांटी जिथल्या तिथे. शाई वाळेपर्यंत तिने वही मिटली नाही. काका काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून खाली बघत होते. मला त्यांचीही दया आली, हे कबूल करते. त्यांची कधी दया येईल असं त्या दिवसापर्यंत मला वाटलं नव्हतं.

निघताना मावशीने ग्रेसच्या हातावर नवी कोरी इरकल साडी ठेवली.

"खोलीची खिडकी तारेच्या बाजूला काढ," ती म्हणाली. "बाबांना बसल्याबसल्या पक्षी दिसतील."

"तुम्ही पुन्हा याल?" ग्रेसने विचारलं.

"तू ये आमच्याकडे. एक खोली रिकामी आहे, चुना मारलेली."

पुढे दोन वर्षांनी ग्रेस खरंच आली आणि त्या उंच पायांच्या बाजेवर महिनाभर झोपली. पण ते नंतरचं.

आम्ही सोलापूरला उतरलो तेव्हा पहाट होती. बार्शीची पहिली एसटी मिळाली. ज्वारी आता कमरेएवढी झाली होती, पुन्हा तसंच धुकं होतं, आणि इतक्या लांब जाऊन आलो यावर माझा विश्वास बसत नव्हता. मावशी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होती. गाव जवळ आल्यावर मला तारेवर तो दिसला. आपल्याकडचाच, तांबूस गळ्याचा, मान आखडून बसलेला.

"मावशी, ऊठ," मी सवयीने म्हणाले. "सतरा नंबर बसलेत बघ."

तिने डोळे उघडून बाहेर बघितलं. दुर्बीण काढली नाही. गाडी पुढे जाईपर्यंत बघत राहिली आणि मग पुन्हा डोकं टेकलं.

"बसलेत काय, बसलाय म्हण," ती म्हणाली. "आणि त्याला नाव आहे कावेरी."